बरं, मग?

नगरच्या कायद्याच्या कॉलेजात शनिवारी फुकट सल्ला मिळायचा. तिथं माझा अर्ज लिहिणारी मुलगी अजून शिकतच होती. मी नेवाशाहून एसटीनं जायचे. ती मला मावशी म्हणायची, मी तिला ताई. नाव मी लाजेनं कधी विचारलं नाही.

तिचं पेन गळायचं. बोटांची शाई ती वेणीला पुसायची आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर म्हणायची, "बरं, मग?" माझं इतकं कधी कोणी ऐकलं नव्हतं.

अर्ज माझ्या लेकीच्या ताब्यासाठी होता. नवऱ्यानं तिला ठेवून घेतलं होतं. ताईनं वाचून दाखवलं, "अर्जदार ही नवऱ्याने टाकलेली स्त्री असून..."

"टाकलेली न्हाई," मी म्हणाले. "त्यो मारायचा, म्हणून मी निघून आले."

"मावशी, स्वतःहून घर सोडलं म्हटलं की ते तुमच्यावरच उलटवतील."

"उलटवू द्या. लेक शाळंत जाती. उद्या तिनं ह्यो कागद वाचला तर? आईला टाकून दिली हुती, असं वाचंल व्हय?"

ताईनं भरलेली दोन्ही पानं फाडली, वेणीला बोटं पुसली आणि म्हणाली, "बरं, मग?"

मी पहिल्यापासून सांगितलं, ती तसंच लिहीत गेली.

परीक्षा झाल्यावर ती गावी गेली, असं कळलं. लेक अजून तिच्या बापाकडंच आहे. मी शनिवारी त्याच बाकावर जाऊन बसते, पण "बरं, मग?" म्हणणारं कोणी नाही.

परवा ताईच्या जागी बसणाऱ्या नव्या मुलानं अर्ज चाळला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे असं कोणी लिहिलं?"

ताईचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी माझं सांगितलं.