मुलीच्या पाटावर द्वारकाबाई

वेणू सातवी पास झाली आणि तिला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली. तरीही तिच्या वडिलांनी, कर्जतच्या अण्णा वकिलांनी, तिला दाखवायचं परस्पर ठरवलं. "मास्तरीण होऊन काय दिवे लावणार आहे?" ते म्हणाले. द्वारकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळीच त्यांनी लेकीला भावाबरोबर पुण्याच्या गाडीत बसवलं आणि घाटासाठी मागून इंजिन जोडून गाडी हलेपर्यंत फलाट सोडला नाही.

दुपारी पाहुणे आले. पोहे घेऊन द्वारकाबाईच बाहेर आल्या आणि मुलीसाठी मांडलेल्या पाटावर बसल्या.

"हे काय आरंभलंयस?" अण्णा कडाडले.

"पाटी आणा. मुलीकडून नाव लिहून घेतात ना? मला येतं. तुम्ही बघायला येणार म्हणून बापाने तेवढंच शिकवलं होतं."