कापसाचा काही गुन्हा नाही

मलकापुरात राहून कापसाला भिणारा माणूस एकच असेल, आणि ते माझे मामा आहेत. हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली की मामा गल्लीबोळांतून स्टेशन गाठतात. चार वर्षांचे असताना ते कापसाच्या ढिगावर खेळत होते आणि शेजारीच ट्रॅक्टरचं टायर फुटलं, एवढंच कारण. पुढे ती भीती कापसापुरती राहिली नाही. जत्रेतले बुढ्ढी के बाल, पांढऱ्या दाढ्या, जे पांढरं आणि मऊ ते सगळं तिच्यात आलं. माझ्या मुलीनं पांढरा ससा आणला, तेव्हा मामा खुर्चीवर उभे राहून त्याच्या गरीब स्वभावाचं कौतुक करत होते.

हेच मामा कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवत. रोज घंटी वाजवून कुत्र्याला खाऊ घातलं, की पुढे नुसत्या घंटीनं त्याला लाळ सुटते. भीतीही अशीच जोडीनं शिकली जाते, हे त्यांच्याइतकं सोपं करून कोणी सांगत नसे. "कापसाचा काई गुन्हा नाही बे. टायर फुटलं तवा तो माह्या हाताखाली होता, इतकंच." मग भीती जात काऊन नाही, असं एका पोरानं विचारलं. मामा म्हणाले, "मले समजलं. माह्या घामाले नाही समजलं."

मामी दर पंधरा दिवसांनी न चुकता कलप लावत. यंदा कलपानं चट्टे उठले आणि डॉक्टरांनी तो बंद केला. दोन महिन्यांत डोकं पांढरंशुभ्र झालं. मामींचा मला फोन आला. आधी हसल्या, मग म्हणाल्या, "चाळीस वर्सं संग चहा पेलो. आता हा माणूस पाठ करून पेऊन राह्यला."

मामांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केला. भीतीच्या वस्तूशी आवडीचा पदार्थ जोडायचा. हातात गरम कचोरी घेऊन त्यांनी मामींकडे तोंड करून खुर्ची मांडली. रोज एक फरशी पुढे. मध्ये सात फरशा होत्या. मामी म्हणत, "सप्तपदी तं दोन मिनिटात चालले, आता हप्ता लावून राह्यले!"

मी गेलो तेव्हा कचोरी बशीत थंड झाली होती. मामा मामींच्या केसांना तेल लावत होते. कपाळावर घाम तसाच होता.

"भीती गेली का मामा?"

"कायची जाते," ते म्हणाले. हात थांबला नाही. मग हळूच विचारलं, "काऊन बे, कापूसबी असाच मऊ असते काय?"