पंप थांबल्यावरचं पाणी

संशोधनासाठीच्या एका अणुभट्टीतला पाण्याचा पंप मी गेली कित्येक वर्षं कॉम्प्युटरवर बंद पाडतो आहे. खऱ्या पंपाची वीज गेली, तर भट्टी थंड ठेवणारं पाणी किती वेळ वाहत राहील, हे आधी पडद्यावर पाहायचं, एवढंच माझं काम. पंपाला एक जड चाक जोडलेलं असतं. वीज गेली तरी ते फिरत राहतं आणि पाण्याचा प्रवाह हळूहळू कमी होतो. गावी, दहिवलीला, वडिलांना हे समजावलं, तेव्हा ते म्हणाले की शेतावरची मोटर बंद केली की मी घरी येतो, तू का येत नाहीस?

काय सांगणार? त्या पंपाचा प्रोग्रॅम मी लिहिला आणि तिथेच अडकलो. हाताखाली तयार केलेली दोन माणसं परदेशी निघून गेली. दुसऱ्या विभागात बदली मागितली, तर साहेब गोड हसून म्हणाले, तुमच्याशिवाय आहे कोण? पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आता ऐकलं की डोकं फिरतं.

यंदा भाताच्या लावणीला येतो, असा शब्द दिला होता. वडिलांचे गुडघे गेलेत, चिखलात उभं राहवत नाही, आणि मजूर फार्महाउसांच्या कामांवर जातात. रजा मंजूर झाली होती. ऐनवेळी तपासणी समितीने विचारलं, पंप थांबतानाच एखादी झडप अर्धवट अडकली तर? झालं, रजा रद्द. तरी काम तासाभरात उरकेल असं धरून लावणीच्या दिवशी सकाळी वडिलांना कळवलं की दुपारपर्यंत पोचतो. आमच्या खोलीत फोन नेता येत नाही, तो फाटकावर ठेवावा लागतो. दिवसभर मी पडद्यावर झडप अडकवत बसलो. संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा त्यावर वडिलांचे कॉल येऊन पडले होते. उलट फोन करायची हिंमत झाली नाही.

शनिवारी घरी गेलो. लावणी उरकली होती. शेजारपाजारचे येऊन हात लावून गेले होते. वडील ओटीवर बसले होते. मी जवळ बसून ऑफिसला मनसोक्त शिव्या घातल्या, माझ्यावाचून तिथे चालतच नाही म्हणालो. त्यांनी रागवावं असं फार वाटत होतं.

"तुझ्याबिगर तितं चालत नाय, ते खरं हाय," ते शांतपणे म्हणाले. "इतं चालतं रं आता."

मग आईला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. तो पाहुण्यांच्या कपात आला.