अण्णांची खांबाजवळची जागा

अण्णा, जागा मिळाली. तुम्ही गेलात तरी मिळाली.

डावीकडचा तिसरा खांब. पंख्याचा वारा येतो आणि स्पीकर कानात बसत नाही. आपली नेहमीची!

मैदानाच्या दाराची दोरी सुटली तशी चपला हातात घेऊन पळाले. वय विचारू नका. शाळेत धावण्यात कधी नंबर आला नाही, तो आज आला.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना वाटेत कोपर लागलं असेल, तर सॉरी. त्या फेसबुकवर आहेत म्हणून लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नेमगोंडा अण्णा म्हणजे निपाणीकडचे शेतकरी. ऊस, तंबाखू आणि गाण्याचं वेड.

दरवर्षी या तीन दिवसांच्या गाण्याच्या उत्सवाला ते ट्रॅक्टर घेऊन यायचे. मैदानाला लागून ऊस तुटलेलं रान आहे, तिथं ट्रॉल्या लागतात. वर ताडपत्री, खाली चूल, तीन दिवस मुक्काम.

ट्रॉलीवर त्यांच्या मिसेस, पद्माक्का. अण्णा इथं खांबाजवळ.

मी वडगावची. घरी माग आहेत, साड्या विणतो. जागा धरायला मी मागावरची एक डाग पडलेली हिरवी साडी आणते. तिला गिऱ्हाईक नाही, पण मैदानात तिचा लई रुबाब.

पहिल्या वर्षी मी साडी पसरून बसले होते. शेजारी घोंगडं पसरून हे पांढऱ्या टोपीतले गृहस्थ. ओळख ना पाळख. दिवस कलायला लागला तसे एकदम उठले.

"आक्का, एवढी जागा बघा जरा. जेवून येतो."

"आत्ता? गर्दी आत्ताच तर व्हायला लागलीय!"

"आमी जैन हाय. दिवस बुडायच्या आत जेवावं लागतंय. सूर्य काय माझ्यासाठी थांबत न्हाय."

आणि गेले की! ऐन गर्दीच्या वेळी, पुढची जागा एका अनोळखी बाईच्या भरवशावर टाकून.

मी ते घोंगडं कसं राखलं ते माझं मला माहीत. चौघांशी भांडले, एकाला हाताला धरून उठवलं.

अण्णा आले ते शेंगाच्या पोळ्यांचा डबा घेऊनच. "मंडळींनी दिल्यात. जागा राखणारीला."

तेव्हापासून दरवर्षी हेच. अण्णा जेवायला, मी राखणीला. मी चहाला, अण्णा राखणीला.

मी आठ जणांची जागा धरायचे आणि तिघं यायचे. अण्णांना ते अजिबात खपायचं नाही.

"जागा माणसासाठी धरावी आक्का. पिशवीसाठी न्हाय."

त्यांचा कायदा एकच. स्टेजवर तबल्यावर हातोडी पडेपर्यंत जागा राखायची. हातोडी पडली आणि माणूस आला नाही, की उभा असेल त्याला बसवायचं. मग तो कुणी का असेना.

स्वतः एकदा चूल पेटेना म्हणून उशीर झाला, तर मागं चपलांजवळ बसून ऐकलं. मी हात करून थकले. पुढे आले नाहीत.

मागच्या वर्षी उत्सव उरकून ट्रॉली गावाला गेली, आणि त्याच आठवड्यात अण्णा गेले. झोपेतच. तारखेनं काही असो, माझ्या हिशेबानं त्यांचं वर्ष आज आहे.

म्हणून आज मी साडी पसरली आणि शेजारी घोंगड्याएवढी जागा सोडली.

कुणासाठी? मलाही सांगता आलं नसतं. पण सोडली.

उद्यमबागेतल्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेली तीन पोरं मागं उभी होती.

"आक्का, हितं कोण येणार हाय?"

"येणार हायत."

"कवा?"

"जेवायला गेल्यात."

खोटं बोलले अण्णा. पण ती जागा दुसऱ्याला द्यायला हात होईना.

दिवस बुडाला. लाइट लागले. माईकवाला हॅलो हॅलो करून गेला. तबलजी बसला.

आणि हातोडी पडली. टक्. टक्.

पोरांना काय माहीत तुमचा कायदा! ती गुमान उभी. मलाच माहीत होता.

डोळे पुसले आणि म्हटलं, "बसा रं."

एक बसला, दुसरा टेकतोय तोच मागून आवाज आला.

"स्वल्प सरीरी... जरा सरका की रं!"

पद्माक्का! एका हातात डबा, दुसऱ्या हातात घोंगडं. तेच!

अहो, मी ओरडलेच. तबलजीनं वर बघितलं.

पोरं उठायला लागली तर तिनं खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा. मी काय लई जाड न्हाय." मग सगळेच सरकलो. साडी, घोंगडं, पोरं, सगळं एक झालं.

मी विचारलं, "ट्रॉलीवर कोण मग?"

"पोरगा हाय. बसू दे त्याला. भांडी काय जन्मभर मीच राखायची व्हय?"

मग बराच वेळ स्टेजकडे बघत राहिली. तानपुरे, तबला, गाणाऱ्या बाईंची जांभळी साडी.

"हितनं समदं दिसतंय की गं. तिकडं नुसतं ऐकू यायचं."

मी रोजचंच विचारलं, "जेवून आलासा न्हवं?"

"जेवूनच आलोय. आता उठवू नगंस मला."

अण्णा, तानपुरे लागले. फोन बंद करते.

पोळ्या तुमच्याच त्या डब्यात आल्यात. जागा रिकामी नाही.

या आता. नमस्कार.