रूपालीच्या नावाचं कपाट

मेथी निवडत बसले होते, तेव्हा देवळ्याहून रूपालीच्या वडिलांचा फोन आला. "मावशी, पोरगी गेली..." सुट्टीला म्हणून घरी गेलेली, डेंग्यूचं निमित्त झालं. इथे माझ्या घरातल्या तिच्या खोलीत ओढणी दोरीवर तशीच होती. आता महिना उलटलाय. दुःख आहेच, पण शोकसभेतल्या भाषणांचा संतापही उतरत नाही, म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली. शुद्धलेखन सांभाळून घ्या, संताप जसाच्या तसा घ्या.

रूपाली कांदेवाल्या घरची, ओझरला कारखान्यात नोकरी, पंचवटीत माझी भाडेकरू. रविवारी सकाळी ती आणि तिचा मित्र केतन सोसायटीतल्या कॉलेजच्या पोरापोरींना गच्चीवर जमवायचे आणि पुस्तक वाचून दाखवायचे. गोष्ट ऐन रंगात आली, की ही फट्कन पुस्तक मिटायची! पोरं बोंबलायची, "ताई, ही चीटिंग आहे!" "मग ने घरी आणि वाच." बस्स. हळूहळू ती पोरं दुसऱ्यांना अशीच छळायला लागली. एकदा मी म्हटलं, "अगं, वाचनाचं महत्त्व तरी सांग दोन शब्दांत." तर म्हणते, "मावशी, भेळवाला कधी भेळेचं महत्त्व सांगतो का?"

आमच्या चेअरमनना मात्र महत्त्वाचाच सोस. त्यांच्या दिवाणखान्यात सोनेरी पाठींचे ग्रंथ आहेत. रोज त्यांच्यावरची धूळ झटकतात, उघडत एकही नाहीत. गच्चीवर पोरंपोरी एकत्र बसतात, टाकीचं पाणी खराब होतं, म्हणून त्यांनी गच्चीला कुलूप घातलं. पुस्तकाने पाणी नासतं हे मला म्हातारपणी कळलं! मंडळी पार्किंगमध्ये बसली, तर हे गृहस्थ बरोबर त्याच वेळी गाडी धुवायला काढायचे.

आणि ती गेल्यावर हेच सगळ्यांत जास्त गहिवरले. फ्लेक्स लावला, त्यावर रूपालीपेक्षा यांचाच चेहरा मोठा. तिचे वडील खोली रिकामी करायला आले तेव्हा म्हणाले, "पुस्तकं घरी नेऊन काय करू? पोरांनाच द्या. लय जीव व्हता तिचा." चेअरमननी ते शब्द वरच्यावर झेलले. सोसायटीच्या हॉलमध्ये तिच्या नावाचं काचेचं कपाट आलं. "पुस्तकं सुरक्षित राहतील. किल्ली माझ्याकडे."

केतन म्हणाला, "काका, मग वाचायची कधी?"

"आधी जपायला शिका!"

पोरांची तोंडं उतरली. तिने जमवलेलं सगळं त्या काचेआड जाणार, आणि किल्ली असल्या माणसाच्या खिशात...

शोकसभेत वक्ते उठले, आजची पिढी मोबाइलमध्ये बुडाली म्हणाले, आणि खाली बसून मोबाइल बघायला लागले. भाषणं झाली की कपाटाला कुलूप, असं ठरलेलं. शेवटी केतनला बोलायला सांगितलं. त्याने सरळ कपाटातलं एक पुस्तक काढलं आणि वाचायला लागला. लग्नघर, मांडव, बाशिंग बांधलेली नवरी. दारावर थाप पडते. नवरी उठून दार उघडते आणि समोरच्या माणसाला बघून तिच्या हातातले तांदूळ सांडतात... केतनने पुस्तक मिटलं.

झालं! मग पहिल्या रांगेतून आवाज आला, "अरे, कोण होता तो?" खुद्द चेअरमनबाई! केतनने पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. मग एकेक पोरगी, एकेक पोरगा उठला. कपाटातून पुस्तक काढायचं, थोडं वाचायचं, नेमकं अडवायचं, जो ओरडेल त्याला देऊन टाकायचं. "अहो, रजिस्टरला नोंद तरी..." चेअरमन ओरडत होते. चहा गार झाला. माझ्या शेजारचे आजोबा तर चष्म्यासाठी सुनेला घरी पिटाळत होते. रूपालीच्या वडिलांनी मान खाली घातली होती, खांदे हलत होते... रडत होते की हसत, मी विचारलं नाही.

आणि चेअरमननी काय करावं? रिकाम्या कपाटालाच कुलूप लावलं! कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलं होतं ना. आजही हॉलमध्ये वर रूपालीचं नाव, मध्ये लखलखीत काच आणि आत काही नाही. परवा मी त्याच्यासमोर उभी होते, तर चेअरमनबाई जिना उतरत आल्या. पुस्तकात बोट खुपसलेलं, चेहरा लाल. मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "मावशी, तो पहिला नवरा निघाला हो! आमच्या ह्यांना सांगू नका, त्यांचं वाचून अजून तिथवर आलं नाही."