दीड लाखाच्या वरचं

केरबाला पोस्टात मीच नेलतं. मी दिलदार. शिरोलीच्या फौंड्रीत वीस वर्सं आम्ही दोघं एकाच भट्टीवर हुतो. मालकानं कारखाना बंद केला आन् हिशेब हातात दिला. केरबाला साडेचार लाख मिळालं. वय पंचेचाळीस, पोरबाळ न्हाय. म्हातारपणी नवरा-बायकोनं कुणापुढं हात पसरायचा न्हाय, एवढाच त्याचा ध्यास.

"समदं पीपीएफात टाका," म्हणाला.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, एका माणसाला वर्षाला दीड लाखच भरता येतात. पण काकींच्या नावानं खातं काढा, त्यात दीड लाख बसतील. उरलेले पुढच्या एप्रिलात भरा."

किती सरळ गोष्ट! पण आमचा केरबा तालमीतला गडी. "बायकोच्या नावावर? तालमीत त्वांड कसं दाखवू?" आन् मी गाढव, त्याला चार शब्द सुनवायचं सोडून खी खी हसलो. त्याची बायको, धोंडुवैनी, बाहेर बाकावर बसल्याली, आधारकार्ड हातात धरून. तिला आम्ही इचारलंसुदिक न्हाय.

उरलं तीन लाख. एप्रिलला अजून दहा म्हैनं. पैसा मोकळा हाय म्हटल्यावर माणसं वास काढत येत्यातच की! एक पावणा आला, वर्सात दामदुप्पट म्हणाला. केरबानं तिन्ही लाख त्याच्या हवाली केलं. दिवाळीपतोर व्याज आलं बी. फेब्रुवारीत त्याच्या हापिसाचं शटर पडलं, फोन बंद. केरबा तीन दिस जेवला न्हाय.

त्याला आता वर्स झालं. केरबा एका गोदामावर वॉचमन हाय, पगार गुडघ्याच्या औषधात जातोय. वैनी खानावळीत चपात्या लाटती. पीपीएफात वर्साला निदान पाचशे भरलं न्हाय तर खातं बंद पडतंय, म्हणून मार्चअखेरीला मी दोघांस्नी पुन्ना पोस्टात नेलं. केरबानं खिसं चाचपलं. साठ रुपय निघालं.

वैनीनं कमरेचा बटवा सोडला. तव्याच्या चटक्यांनी काळ्या पडलेल्या बोटांनी पाचशेची नोट काढली आन् नवऱ्याच्या खात्यावर भरली.

केरबाचं डोळं भरलं. म्हणाला, "धोंडे, चुकलो गं. चल, आजच तुझ्या नावानं खातं काढू."

वैनीच्या आवाजात राग न्हवता. असता तर बरं झालं असतं.

"काढू की," म्हणाली. "पर त्यात भरायचं काय?"