शाहीनआपा आणि सागवानी बासरी

शाहीनआपा लाकूड गालावर फिरवून बघायच्या. पाटाची कड असो की पाळण्याचा दांडा, घासून झाला की डोळे मिटून गालाला लावायच्या. "हाताला घट्टे पडलेत भाऊ, हाताला काय कळत नाय आता," म्हणायच्या. उस्मानपुऱ्यात माझ्या घरासमोर त्यांच्या नवऱ्याचं, युसूफभाईंचं, सुतारकामाचं दुकान होतं. रंधा त्यांचा, घासणं आणि पॉलिश आपांचं.

युसूफभाई गेले, त्यानंतर काही दिवसांनी आपा माझ्या दारात आल्या. हातात सागवानाची एक ओबडधोबड नळी. भोकं पाडलेली, कडा कुसळांनी भरलेल्या.

"भाऊ, ही तुम्ही करायला सांगितली व्हती का त्यांना?"

मी चक्रावलो. मी संध्याकाळी थोडीफार बासरी वाजवतो, पण माझ्या बासऱ्या बांबूच्या. युसूफभाई तर एकदा रस्त्यापलीकडून ओरडले होते, "खिडकी लावून वाजवा हो!" दुकानात कधी रेडिओसुद्धा नव्हता.

"मग कुणासाठी केली?" आपा म्हणाल्या. "नातवाला विचारलं, मशिदीतल्या दोस्तांना विचारलं. कुणालाच ठाऊक नाय. इतका संसार केला, मला एका लफ्जानं बोलले नाय."

मग त्यांनीच ठरवलं. "कुणाची का असंना. आपल्या दुकानातून अर्धी चीज जात नाय."

आधी जाडा पॉलिश पेपर, मग बारीक. ओल्या फडक्यानं पुसायचं, सुकल्यावर उठलेली कुसळं पुन्हा घासायची. आतल्या बाजूसाठी त्यांनी काडीला पेपर गुंडाळला. मी घाबरून सांगितलं, "आपा, भोकं मोठी करू नका, सूर बदलतो." तेव्हापासून भोकांच्या कडांवर त्या श्वास रोखून हात चालवायच्या. शेवटी जवसाचं तेल दिलं आणि लाकूड मधासारखं उजळलं.

मी वाजवून पाहिली. सूर छान घुमला, पण तिसरं भोक उघडलं की चढायचा.

"मी बिघडवली का?" आपांचा चेहरा उतरला.

"नाही. भोक मुळातच सरकलंय."

"त्यांचं माप चुकलं?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दरवाजा कधी सूतभर चुकला नाय त्यांचा." मग हळूच म्हणाल्या, "पहिल्यांदाच करत व्हते वाटतं. पण का?"

ते कोडं मलाही सुटलं नाही. माझं वाजवणं युसूफभाईंना आवडत होतं की नकोसं होतं, हेही आता कळायला मार्ग नाही.

पावसाळ्याआधी दुकान रिकामं झालं. आपा पैठणला लेकीकडे निघाल्या. रिक्षा दारात होती. बासरी माझ्याकडेच ठेवतील असं वाटून मी हात पुढे केला. त्यांनी ती पदराआड घेतली.

"नाय भाऊ. फक्त कुठून धरायची तेवढं दावा."

मी त्यांची बोटं एकेका भोकावर बसवली. त्यांनी फुंकलं, नुसती हवा आली. "ओठ जरा आवळा," मी म्हणालो. त्या हसल्या, रिक्षात बसल्या आणि पुन्हा फुंकू लागल्या. रिक्षा वळणावर गेली तरी बासरी त्यांच्या ओठांशीच होती. सूर लागला की नाही, रहदारीत मला ऐकू आलं नाही.